वाळवंटी घळईतील पदयात्रा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी ही वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिची आखणी झाली. परंतु तिला नाव देणारे नंदीचे मंदिर त्याहून पुष्कळ जुने, सोळाव्या शतकातील केंपेगौडाच्या काळचे आहे. मंदिराला लागूनच उघड्या करड्या खडकाचा एक उंचवटा आहे. पूर्वी त्यावरील पहाऱ्याच्या बुरुजावरून शिंग फुंकून लोकांस इशारा देत, म्हणून त्यास ‘ब्यूगल रॉक’ हे नाव पडले. शाळेची मुले त्यावर चढतात. वृद्ध मंडळी संध्याकाळी तेथे वारा घेत बसतात. शहाजीराजांकडे ज्याची जहागीर होती, त्या बंगळूरचा इतिहास काही शतकांचा आहे. या खडकाचे वय मात्र सुमारे ३०० कोटी वर्षे आहे.

या जातीच्या खडकास ‘द्वीपकल्पीय पट्टिताश्म’ म्हणतात. म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्यातील डॉ. स्मीथ यांनी १९१६ मध्ये त्याचे वर्णन केले. बसवनगुडीपासून जवळच असलेल्या लालबागेतील याच जातीचा खडक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केला आहे. हा खडक भूपृष्ठाखाली फार खोलवर तयार झाला. त्याच्यावरचे थर कोट्यवधी वर्षांत झिजून गेले आणि पायाचा दगडच उघडा पडला. दक्षिण भारताच्या मोठ्या भागाचा तळखडक तो हाच.

असा तळखडक सर्वत्र सहज दृष्टीस पडत नाही. पुष्कळ ठिकाणी तो हजारो मीटर जाडीच्या थरांखाली दडलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग एखाद्या नदीने कापून ठेवला असेल तरच मनुष्य तेथवर पायी जाऊ शकतो. खोल, अरुंद आणि उभ्या कड्यांच्या अशा नदीमार्गास घळई म्हणतात. शुष्क प्रदेशांतील मोठ्या घळयांना ‘कॅन्यन’ हे स्पॅनिश मुळाचे नाव जगभर रूढ झाले आहे. घळईत उतरणारा प्रवासी प्रत्येक पावलागणिक अधिक प्राचीन काळात जातो. म्हणूनच अशा स्थळांकडे विद्यार्थी, अभ्यासक आणि हौशी पदयात्री यांची रीघ लागते. परंतु घळईचा प्रवास डोंगरावरील प्रवासाहून एका महत्त्वाच्या बाबतीत निराळा आहे, आणि तो निराळेपणा ध्यानात न आल्यामुळे दर वर्षी कित्येक प्रवासी संकटात सापडतात. घळई कशी घडते आणि तिच्यात उतरणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, या दोन्ही प्रश्नांचा विचार म्हणून एकत्रच करावयास हवा.

घळई कशी घडते

बंगळूरच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवर नंदी डोंगर आहे. त्या परिसरात उगम पावणाऱ्या नद्या वेगवेगळ्या दिशांनी वाहतात. अर्कावती दक्षिणेकडे येते. बसवनगुडीच्या बाजूने निघणारी वृषभावती तिला मिळते आणि हे पाणी शेवटी कावेरीत जाते. या संगमाच्या खाली थोड्याच अंतरावर कावेरी मेकेदाटू येथे कठीण खडकातील एका अरुंद फटीतून वाहते. कन्नड भाषेत ‘मेके’ म्हणजे शेळी आणि ‘दाटू’ म्हणजे ओलांडणे. शेळीही उडी मारून पार करील इतकी ती फट अरुंद आहे, असा या नावाचा आशय.

मेकेदाटूच्या काठावरील खडकात गोल, खोल खळगे दिसतात. पुणे–अहिल्यानगर सीमेवर निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असलेले प्रसिद्ध रांजणखळगे याच प्रकारचे होत. निव्वळ पाणी कठीण खडक फारसे कापू शकत नाही. पाण्याबरोबर वाहणारे गोटे आणि वाळू हे काम करतात. भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी गरगर फिरत राहतो आणि कानशीने घासावे तसा खडक घासतो. खळगा खोल होतो, शेजारचे खळगे एकमेकांस मिळतात, आणि नदीचे पात्र खाली खाली जाते. घळईच्या निर्मितीतील ही पहिली क्रिया होय.

तथापि पात्र खोल झाले म्हणजे घळई झालीच, असे नव्हे. पावसाळी प्रदेशात नदी तळ कापते, त्याच वेळी पावसाचे पाणी, झाडांची मुळे आणि घसरणारी माती दोन्ही काठ झिजवितात. त्यामुळे दरी वरच्या बाजूस रुंदावत जाते. शुष्क प्रदेशात काठांवर पाऊस थोडा पडतो, म्हणून काठ उभेच राहतात. मात्र नदीला पाणी कोठून तरी मिळाले पाहिजे. ते दूरच्या, अधिक पावसाच्या प्रदेशातून येते. दुरून आलेले पाणी, कठीण खडक आणि कोरडी हवा या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे खोल, उभ्या भिंतींची घळई तयार होते. त्यातच भूकवचाचा तो भाग हळूहळू वर उचलला जात असेल, तर नदीचा उतार वाढतो आणि तिची कापण्याची शक्ती टिकून राहते.

पेन्नेर नदी आणि गंडीकोटा

नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावणारी दुसरी नदी पेन्नेर. तिचे जुने नाव उत्तर पिनाकिनी. सुमारे ५९७ किलोमीटरचा प्रवास करून ती नेल्लोरजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. वाटेत तिला रायलसीमेचा कोरडा मुलूख ओलांडावा लागतो. हा भाग पर्जन्यछायेत असून अनंतपूर येथे वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. कडप्पा जिल्ह्यात जम्मलमडुगूच्या जवळ एर्रमला टेकड्या नदीस आडव्या येतात. तेथे पेन्नेरने तांबूस खडकात खोल घळई कापली आहे. तेलुगू भाषेत ‘गंडी’ म्हणजे घळ आणि ‘कोट’ म्हणजे किल्ला. घळईच्या काठावरील किल्ल्याचे गंडीकोटा हे नाव त्यावरून पडले. एका बाजूस उभा कडा आणि खाली नदी, असे नैसर्गिक संरक्षण लाभल्यामुळे हे स्थळ दीर्घकाळ महत्त्वाचे राहिले. १६५० मध्ये गोवळकोंड्याचा सेनापती मीर जुमला याने ते जिंकले. त्यानंतर लवकरच, १६५२ मध्ये, फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्निये त्याच्या भेटीस येथे येऊन गेला.

गंडीकोट्याच्या कड्यावर उभे राहिले असता खडकांचे आडवे थर स्पष्ट दिसतात. मोठमोठ्या ठोकळ्यांची रास कोणी रचून ठेवावी, तशी ही रचना आहे. हा क्वार्ट्‌झाइट खडक होय. प्राचीन काळी उथळ समुद्रात साचलेल्या वाळूपासून तो बनला. कडप्पा खोरे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात गाळ साचण्यास सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी प्रारंभ झाला. हा सर्व गाळ ज्या पायावर साचला, तो पाया म्हणजे बसवनगुडीच्या खडकाच्या वर्गातील प्राचीन स्फटिकमय खडकच.

पाया आणि त्यावरील थर यांच्या सीमेवर मोठा कालखंड गहाळ असतो. मधल्या काळात जमीन उघडी राहून झिजत होती, त्यामुळे त्या काळचे थर तेथे उरलेले नाहीत. अशा सीमेस भूवैज्ञानिक ‘विसंगती’ म्हणतात. तिरुपतीहून तिरुमला डोंगरावर जाणाऱ्या घाटरस्त्याने लक्षावधी मराठी यात्रेकरू जातात; त्या रस्त्यालगत ही विसंगती उघडी दिसते, आणि तीही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. खालचा ग्रॅनाइट व वरचा क्वार्ट्‌झाइट यांच्यामधील एका रेषेत कोट्यवधी वर्षे लोपलेली आहेत.

कोलोरॅडोची महाघळई

वाळवंटी घळईचे जगातील सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात आहे. कोलोरॅडो नदीची ‘ग्रँड कॅन्यन’ ही महाघळई ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. नदीचे पाणी दूरच्या रॉकी पर्वतातील बर्फापासून येते. तिच्या भोवतीचे पठार मात्र शुष्क आहे. काठावरील वरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा असून तळातील सुभाजा व पट्टिताश्म १७५ ते १८४ कोटी वर्षांचे आहेत. म्हणजे या घळईच्या अगदी तळाशी पोहोचलेला प्रवासीही बसवनगुडीच्या खडकाइतक्या प्राचीन काळात पोहोचत नाही. नदीने ही घळई कापण्याचे बहुतेक काम मात्र गेल्या ५० ते ६० लाख वर्षांतच केले, असे सामान्यतः मानले जाते. खडक अतिप्राचीन आणि घळई त्यामानाने तरुण, हा भेद नवख्या वाचकाने अवश्य लक्षात ठेवावा.

या प्रदेशात हवासुपाई, हुआलापाई, होपी, नवाहो इत्यादी मूळ रहिवाशांचे वास्तव्य फार जुने आहे. १८६९ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या एकहाती भूवैज्ञानिकाने नऊ सोबती आणि चार नावा यांच्यासह नदीमार्गाने या घळईचा प्रवास केला. मोहिमेच्या अखेरीस पुढील खळाळाला भिऊन तिघे जण नदी सोडून कडा चढून गेले. वर गेल्यावर ते मारले गेले. नावांमध्ये राहिलेली माणसे अवघ्या दोन दिवसांत घळईबाहेर सुखरूप पोहोचली. १९०८ मध्ये या स्थळास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २६ फेब्रुवारी १९१९ रोजी ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला.

घळई म्हणजे उलटा पर्वत

सह्याद्रीतील किल्ले चढणाऱ्यांना एक क्रम अंगवळणी पडलेला असतो. पहाटे पायथ्याशी पोहोचावे, थंड वेळेत आणि ताज्या दमाने चढ चढावा, माथ्यावर शिदोरी सोडावी आणि दुपार कलल्यावर उतरावे. कळसूबाईच्या वाटेवर एखाद्याचा दम संपला तर तो मागे फिरतो. मागची वाट उताराची असते, आणि थकलेले शरीरही उतार उतरू शकते. पर्वत अशा रीतीने चढणाऱ्यास वेळीच सूचना देतो.

घळई ही सूचना देत नाही. तेथे उतार आधी आणि चढ शेवटी येतो. सकाळी हवा गार असते, पावले आपोआप पडतात आणि प्रत्येक वळणावर नवा देखावा प्रवाशास आणखी खाली बोलावितो. थकवा जाणवू लागतो, तोवर संपूर्ण चढ शिल्लक राहिलेला असतो. शिवाय चढण्याची वेळ नेमकी दुपारची येते.

याच्या जोडीस उष्णतेचा उलटा क्रम आहे. पर्वतावर वर जावे तसतशी हवा थंड होते. घळईत खाली जावे तसतशी ती तापते. दर १०० मीटर उतरल्यावर तापमान सुमारे १ अंशाने वाढते. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंच आहे, तर ब्राइट एंजल या प्रसिद्ध पायवाटेच्या तळाशी नदी सुमारे ७५० मीटर उंचीवर वाहते. उन्हाळ्यात काठावर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास सुखद हवा असता तळाशी पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात तापलेल्या भिंती सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडीत राहतात, हे वेगळेच.

चढाचा भार किती, हे साध्या गणिताने समजू शकते. ६० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती नदीपासून काठापर्यंत सुमारे १,३४० मीटर चढते, तेव्हा केवळ स्वतःचे वजन वर उचलण्यासाठी तिला सुमारे १९० किलोकॅलरी इतके कार्य करावे लागते. परंतु मानवी स्नायू खर्च झालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा हिस्साच अशा कार्यात आणू शकतात. म्हणजे प्रत्यक्ष खर्च सुमारे ९५० किलोकॅलरी होतो आणि त्यांतील सुमारे ७६० किलोकॅलरी शरीरात उष्णतेच्या रूपाने साचू पाहतात. ही उष्णता बाहेर टाकली गेली नाही, तर शरीराचे तापमान धोकादायक पातळीस जाईल. पाठीवरचे ओझे, वाटेची लांबी आणि उन्हाचा ताप यांचा भार याहून अलग धरावयाचा.

उतारही वाटतो तितका निरुपद्रवी नसतो. उतरताना मांडीचे स्नायू शरीराचा वेग आवरण्यासाठी ताणलेल्या अवस्थेत जोर लावतात. या क्रियेत दम लागत नाही, परंतु स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. तिची जाणीव चढ सुरू झाल्यावर होते.

घाम, पाणी आणि मीठ

सभोवारची हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की शरीर हवेला उष्णता देऊ शकत नाही. उलट हवेकडून घेऊ लागते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घामाची संपूर्ण वाफ झाली तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. वरील उदाहरणातील ७६० किलोकॅलरींसाठी म्हणून सुमारे १.३ लिटर घाम लागेल. कडक उन्हात चालताना एका तासात एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो.

कोकणात किंवा मुंबईत थोडे चालले तरी अंग निथळते, कारण दमट हवेत घामाची वाफ होत नाही. वाळवंटी घळईत याच्या उलट घडते. हवा इतकी कोरडी असते की घाम येताक्षणी उडून जातो आणि कपडे कोरडेच राहतात. आपणांस घाम येतच नाही, अशी प्रवाशाची समजूत होते. शरीरातील पाणी मात्र वेगाने कमी होत असते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता चालताना ठराविक वेळाने थोडे थोडे पाणी प्यावे.

येथे आणखी एक धोका संभवतो. घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पुष्कळ प्याले आणि काहीच खाल्ले नाही, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. डोकेदुखी, मळमळ, बुद्धिभ्रम आणि प्रसंगी झटके ही त्याची लक्षणे होत. उष्णतेने आलेल्या थकव्याची काही लक्षणेही अशीच असल्यामुळे सोबती गोंधळून रुग्णास अधिकच पाणी पाजतात. ज्याने भरपूर पाणी प्याले आहे, ज्यास वारंवार स्वच्छ लघवी होत आहे आणि तरीही ज्याची प्रकृती बिघडत आहे, त्यास आणखी पाणी न देता तो शुद्धीवर असल्यास खारट पदार्थ द्यावा आणि त्वरित वैद्यकीय साहाय्य मिळवावे. पाण्याबरोबर शेंगदाणे, चिवडा, खारी बिस्किटे, लोणचे-भाकरी असे काही खात राहणे हाच या संकटावरील सोपा प्रतिबंध होय.

शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊन मनुष्य असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. त्यात एक एक मिनिट मोलाचे असते. रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा. पिण्याचे पाणी थोडे उरले असले तरी ते अंगावर ओतण्यास कचरू नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

निरभ्र आकाशाखालील पूर

शुष्क प्रदेशात पाण्याच्या अभावाइतकेच पाण्याचे अकस्मात येणे घातक असते. उघड्या खडकावर पडलेला पाऊस जिरत नाही. तो लगेच ओघळांत आणि ओघळांतून घळईत येतो. समजा, ३० मीटर रुंद पात्रातून अर्धा मीटर खोल पाणी वाहत आहे. तेच पाणी त्याच वेगाने ३ मीटर रुंदीच्या फटीत शिरले, तर त्याची खोली ५ मीटर होईल. वरच्या मैदानात गुडघाभर असलेला प्रवाह अरुंद घळईत दोन-तीन पुरुष उंचीचा होतो, तो असा.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळईत अकरा प्रवासी अशाच पुरात मृत्युमुखी पडले. घळईवर त्या वेळी म्हणण्यासारखा पाऊस नव्हता. तो कित्येक किलोमीटर दूर, वरच्या भागात पडला होता. डोक्यावरील आकाश पाहून घळईतील सुरक्षिततेचा अंदाज बांधता येत नाही, हा धडा या घटनेने दिला.

महाराष्ट्रातील पदयात्रींनाही हा धडा लागू पडतो. अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळील सांदण दरी ही काळ्या बेसाल्ट खडकातील अरुंद फट आहे. तेथे वाळवंट नाही. पावसाळ्यात तर ती ओढ्याचाच मार्ग बनते. म्हणून पावसाच्या दिवसांत आणि अवकाळी ढग जमले असताना तिच्यात उतरू नये. मेकेदाटूसारख्या ठिकाणी वरून शांत दिसणारे पाणी आतून वेगवान आणि भोवऱ्याचे असते, व काठचा खडक घोटून गुळगुळीत झालेला असतो. तेथे पोहण्याचा मोह प्राणघातक ठरतो.

ओसाड दिसणारी जीवसृष्टी

वाळवंटी प्रदेश निर्जीव असतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेतील शुष्क घळयांच्या पठारांवर जमिनीवर काळपट, खडबडीत असा एक पापुद्रा आढळतो. नीलहरित सूक्ष्मजीव, दगडफूल आणि शेवाळे यांनी मिळून तो तयार होतो. तो मातीचे कण बांधून ठेवतो, पाणी धरतो आणि हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतो. त्यावर पडलेले एक पाऊल कित्येक वर्षांचे काम मोडते आणि तो पुन्हा पूर्ववत होण्यास दशके लागू शकतात. आखलेली वाट सोडू नये, या नियमामागे हे कारण आहे.

पेन्नेरच्या खोऱ्यातील काटेरी झुडपांचे रानही वरवर पाहणाऱ्यास निरुपयोगी वाटते. परंतु ज्याची १९०० नंतर कोणतीही खात्रीलायक नोंद झाली नव्हती, तो जर्डनचा धाविक पक्षी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यातील अशाच झुडपी रानात पुन्हा आढळला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधनातून हा शोध लागला. त्या रानाचे मोल तोवर फार थोड्यांना कळले होते.

प्रवासाची आखणी

राष्ट्रीय उद्यानांत प्रवाशांसाठी अनुभवाने ठरलेले नियम असतात. ग्रँड कॅन्यनमध्ये काठाखाली रात्री मुक्काम करावयाचा असल्यास परवाना घ्यावा लागतो. काठापासून नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येण्याचा प्रयत्न करू नये, असे उद्यानाचे अधिकारी निक्षून सांगतात. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चढ चढू नये, असाही त्यांचा सल्ला असतो. पाण्याचे नळ काही ऋतूंतच चालू असतात आणि जलवाहिनी वारंवार फुटते. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी लागते. एवढी व्यवस्था असूनही तेथे दर वर्षी शेकडो प्रवाशांची सुटका करावी लागते, आणि त्यांत तरुण व धडधाकट माणसेही पुष्कळ असतात. अंगातील बळ अपुरे पडते, त्याहून अंदाजच अधिक वेळा चुकतो.

गंडीकोटा हे राष्ट्रीय उद्यान नाही. तेथे कड्याच्या काठावर बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, आणि वाटांवर पाणी व मदत मिळेलच असे नाही. गंडीकोटा व मैलवरम या धरणांमुळे नदीच्या पाण्याची पातळीही बदलत असते. रायलसीमेचा उन्हाळा ४० अंशांच्या पलीकडे जात असल्यामुळे भेटीस हिवाळ्याचे महिने योग्य होत. शाळांच्या सहलींनी किल्ल्याच्या बाजूने, सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, कड्यापासून अंतर ठेवूनच घळई पाहावी.

घळईत प्रत्यक्ष उतरणाऱ्यांनी वेळेचा हिशेब पुढीलप्रमाणे करावा. उतरण्यास जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट चढण्यास लागेल असे धरावे. तीन तास चालावयाचे असेल, तर पहिला एक तास उतरण्यासाठी आणि उरलेले दोन तास परतीसाठी राखावेत. पाण्याचेही तसेच. नेलेल्या पाण्यातील एक तृतीयांश संपले की जेथे असू तेथून मागे फिरावे. उरलेले दोन भाग चढासाठी लागतील. तुकडीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाने ठरावा आणि कोणासही एकटे मागे ठेवू नये. डोक्यास कापडाचे आच्छादन, अंगात सैल व पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पायांत सवयीचे जोडे असावेत. कोठे जाणार आणि केव्हा परतणार, हे मागे राहणाऱ्या कोणास तरी सांगून निघावे.

परत फिरण्याची वेळ काठावर, सावलीत आणि शांत चित्ताने ठरवावी. खाली गेल्यावर ठरवू नये. उष्णतेने आणि थकव्याने पहिला आघात होतो तो सारासार विचारावर. आणखी एक वळण पाहून मग फिरू, असे वाटू लागते, तेव्हा ते वाटणे विश्वासार्ह राहिलेले नसते. ठरलेली वेळ होताच, नदी अगदी समोर दिसत असली तरीही, पावले मागे वळवावीत. तळाचा खडक कोट्यवधी वर्षे तेथे आहे आणि पुढच्या हिवाळ्यातही तो तेथेच असेल.